गच्चीवर विषारी तांदूळ: पारव्यांच्या प्रश्नावर सोसायटीला कसं समजवायचं?

अबोली_फोंडा (धागाकर्ती), सोमवार रात्री

नमस्कार मंडळी,

फोंड्यात बुधवारपेठेच्या मार्केटपासून हाकेच्या अंतरावर आमची इमारत आहे. जुनी, चार मजली, मधोमध डक्ट, गच्ची अर्धी पत्र्याखाली आणि अर्धी उघडी. पारव्यांचा त्रास खरा आहे हे आधीच सांगते, नाहीतर 'आल्या प्राणीवाल्या बाई' म्हणून विषय तिथेच संपतो. डक्टमधल्या पाइपांवर घरटी, एसीच्या बाहेरच्या युनिटखाली विष्ठेचा थर, दोरीवरचे कपडे परत धुवायचे. मला पारव्यांचा लळा आहे असं अजिबात नाही.

गेल्या आठवड्यात गच्चीवर टाकीच्या मागे ॲल्युमिनियमच्या ताटल्यांत रंगवलेले तांदूळ दिसले. त्याच दुपारी डक्टमध्ये पारवे पडायला लागले. सगळे लगेच मेले नाहीत. काही संध्याकाळपर्यंत एका पंखावर गरगरत होते. दुसऱ्या दिवशी एक कावळा, आणि मग तळमजल्यावरच्या आजींचा बोका. तोंडाला फेस येऊन गेला बिचारा.

सेक्रेटरींना विचारलं तर म्हणाले, "वखद घातलां, आतां सगळे वचतले." (औषध घातलंय, आता सगळे जातील.) कुठलं औषध, कोणाच्या परवानगीने, याला उत्तर एकच: तो पेस्ट कंट्रोलवाला आहे, त्याला कळतं.

येत्या रविवारी सर्वसाधारण सभा आहे. ही 'ट्रीटमेंट' वर्षभराच्या कंत्राटाने द्यायचा ठराव त्यात येणार आहे. आत्ता मे महिन्यात याच गच्चीवर आम्ही सोलां (कोकमं), पापड, सांडगी मिरच्या वाळत घालतो. उघड्या भागातलं पावसाचं पाणी पाइपने खालच्या विहिरीत सोडलंय. आणि जून तोंडावर आलाय.

आम्ही काही घरं विरोधात आहोत. कायदा काय म्हणतो, विषाने पारवे खरंच कमी होतात का, आणि न मारता करायचं काय, हे कोणी नीट सांगेल का? भूतदयेचं भाषण मला करायचं नाही. आमच्या सभेत ते चालत नाही.


सुशेगाद_बाब

पहिला नंबर माझा! जाणकारांच्या प्रतीक्षेत.

तोवर एक फुकटचा सल्ला: त्या 'कळणाऱ्या' गृहस्थांकडे बिल मागा. बिल म्हटलं की अशी माणसं बहुतेकदा पुन्हा जिन्यात दिसत नाहीत.


वकील_म्हापसा

अबोलीताई, आधी हे करा: ताटल्या अजून असतील तर धुऊ नका, हातही लावू नका. जागेवरचे फोटो काढा, तारीख-वेळ दिसेल असे. मेलेल्या पक्ष्यांचेही. दोन शेजाऱ्यांना साक्षीला उभं करा.

आता कायदा. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६०, कलम ११(१). त्यातलं (सी) म्हणतं, प्राण्याला मुद्दाम आणि विनाकारण अपायकारक पदार्थ देणं हा गुन्हा. (एल) आणखी नेमकं आहे: अनावश्यक क्रूर पद्धतीने प्राणी मारणं. दंड पहिल्या वेळी १० ते ५० रुपये. हसू नका, आकडे फार जुने आहेत. पण (एल) खालचा गुन्हा कलम ३१ प्रमाणे दखलपात्र आहे. म्हणजे पोलीस 'आधी कोर्टात जा' असं सांगून परत पाठवू शकत नाहीत.

खरा जोर भारतीय न्याय संहितेत आहे. कलम ३२५: प्राण्याला मारणं, विष घालणं, जायबंदी करणं, पाच वर्षांपर्यंत कैद. हे कलम 'आगळीक' या गुन्ह्यात बसतं, म्हणजे कोणाचं तरी नुकसान झालेलं दाखवावं लागतं. पारवा कोणाच्या मालकीचा नाही, तिथे समोरचा वकील भांडेल. आजींचा बोका मात्र आजींचा होता. तक्रार आजींच्या नावाने द्या.

आणि कलम २८६: विषारी पदार्थाबाबत निष्काळजीपणा, ज्याने माणसाच्या जिवाला धोका होऊ शकतो. सहा महिने किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. इथे पारव्याचा काही संबंधच नाही. गच्चीवर वाळवण असतं, विहिरीत पाणी जातं, एवढं पुरे. सभेत मी तुमच्या जागी असतो तर २८६ पासून सुरुवात केली असती.


व्यवहारी_माणूस

वकीलसाहेब, अर्धंच सांगितलंत. त्याच कलम ११ चं पोटकलम ३ वाचा. कायद्याच्या अधिकाराने प्राण्यांचा नायनाट केला तर तो गुन्हा होत नाही. नाहीतर पालिकेला उंदीर मारता आले नसते.

आणि उंदरांचं काय, हेही इथल्या सगळ्यांनी सांगावं. घरात उंदीर झाला की हेच लोक दुकानात जाऊन विषाचा केक आणतात. पारवा गोजिरवाणा दिसतो म्हणून त्याला वेगळा न्याय?


वकील_म्हापसा

@व्यवहारी_माणूस, पोटकलम बरोबर सांगितलंत. पण 'कायद्याच्या अधिकाराने' हे शब्द सोडून पुढे जाता येणार नाही. सोसायटीचा ठराव म्हणजे कायदा नव्हे. सेक्रेटरींना तो अधिकार कुठल्या कायद्याने दिला, हे त्यांनी लेखी दाखवावं.


पशुवैद्य_डिचोली

उंदरांचा प्रश्न खरा आहे आणि त्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. घुबडं उंदरांच्या विषाने मरतात हे मी स्वतः पाहतो. पण उंदराचं विष निदान पेटीत, बिळाजवळ, रात्री ठेवतात. गच्चीवर उघड्या ताटलीत दिवसाढवळ्या ठेवलेले तांदूळ कोण खाणार हे ठेवणाऱ्याच्या हातात उरत नाही. चिमणी, मैना, खार, कावळा, शेजारचं दोन वर्षांचं मूल.

ताईंनी सांगितलेल्या लक्षणांवरून (पंख लुळे, गरगरणं, फेस) ऑर्गॅनोफॉस्फेट किंवा कार्बामेट गटातलं शेतीचं कीटकनाशक असावं. प्रयोगशाळेशिवाय छातीठोकपणे सांगता येणार नाही, आणि तांदळाच्या रंगावरून तर मुळीच नाही. हे विष मज्जातंतू आणि स्नायू यांच्यामधला निरोप बिघडवतं. स्नायू सैल पडायचं विसरतात, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. पक्ष्यांच्या शरीरात हे विष मोडणारी एन्झाइम्स कमी असतात, त्यामुळे त्यांना थोडं पुरतं. बोका गेला तो बहुधा विषारी पारवा खाऊन. पारव्याच्या अन्नपिशवीत न पचलेले दाणे तसेच असतात.

दुसरी शक्यता झिंक फॉस्फाइडची, उंदरांची काळपट पूड. ती पोटात आम्लाला भिडली की फॉस्फीन वायू सुटतो. त्यावर उतारा नाही.

मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नका. हातमोजे, दुहेरी पिशवी, बर्फावर ठेवून पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, पण पोलीस तक्रार आधी. शवविच्छेदनातले नमुने वेर्ण्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पोलिसांमार्फत गेले तरच ते पुरावा म्हणून उभे राहतात. जिवंत पक्षी सापडला तर पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते फुफ्फुसात जातं. वेळेत आणला तर ॲट्रोपिन या उताऱ्याने काही वाचतात.

आणि पेस्ट कंट्रोलवाल्याला दोन गोष्टी विचारा. कीटकनाशक कायद्याखालचा परवाना, आणि वापरलेल्या औषधाचं मूळ पॅकिंग. डब्यावर एक रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिविषारी. औषध कशासाठी वापरायचं हे लेबलवर छापलेलं असतं. त्यात पारवा शोधायला सांगा. फोरेटसारखी औषधं तर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदच आहेत, तरी कुठल्या तरी कपाटातून निघतात.

असली विषं स्वयंपाकघराच्या आसपास फिरली की काय होतं ते बिहारमधल्या सारण जिल्ह्यात २०१३ च्या जुलैत दिसलं. शाळेच्या जेवणात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक गेलं, २३ मुलं गेली.


कुळागरातला

सगळे एका बाजूने बोलताहेत म्हणून लिहितो. आवडणार नाही कोणाला.

माझ्या बायकोला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस हा फुफ्फुसाचा आजार आहे. आयुष्यात विडी-सिगरेट नाही, चुलीचा धूर नाही. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, घराजवळ पारवे आहेत का? मडगावच्या फ्लॅटला बाल्कनीला लागून त्यांची वसाहत होती. आज ती एक जिना चढू शकत नाही. स्टिरॉइडने चेहरा सुजलाय. दुसऱ्या मजल्यावरून एक बाई रोज सकाळी दाणे टाकतात आणि वर आम्हालाच सांगतात की मुक्या जिवांचा शाप लागतो.

तुमचा बोका गेला त्याचं वाईट वाटलं. पण माझ्या घरातली बाई जगते-मरते आहे आणि इथे पारव्याच्या स्नायूंची चर्चा चाललीय. कोणी विष घातलं असेल तर कदाचित त्याच्या घरातही कोणी खोकत असेल. तेवढा विचार करा.


सुशेगाद_बाब

कुळागरदादा, यावर विनोद सुचत नाही. वहिनींना लवकर आराम पडो.


दादरकर_सध्या_पर्वरी

आमच्या दादरला २०२५ च्या ऑगस्टमध्ये कबुतरखाना ताडपत्रीने झाकला तेव्हा काय तमाशा झाला तो सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला. हायकोर्ट एकीकडे, मोर्चे एकीकडे. मुद्दा आरोग्याचा होता, भांडण मात्र मराठी विरुद्ध अमुक, मांसाहारी विरुद्ध तमुक असं झालं. गोव्यात ते येऊ देऊ नका एवढंच. मूळ प्रश्न दाणे घालणाऱ्या...

(पुढचा मजकूर संपादित)


संपादक

विशिष्ट समाजाबद्दलची वाक्यं काढली आहेत. दादरसाठी वेगळा धागा आहे, तिथे जावं. इथे विष आणि उपाय यांवरच बोलू.


पाखरूवेडा

@कुळागरातला, तुमचा राग समजतो, आणि म्हणूनच सांगतो: विषाने तुमचं काम होणार नाही.

पारव्याची जोडी एका वेळी दोन अंडी घालते. १७-१९ दिवसांत पिल्लं बाहेर, महिना-सव्वा महिन्यात ती उडतात. नर-मादी दोघंही गळ्यातलं 'दूध' पाजतात, म्हणून किड्यांच्या हंगामाची वाट बघावी लागत नाही. आपल्या हवेत वर्षभर वीण चालते. आधीची पिल्लं घरट्यात असतानाच पुढची अंडी येऊ शकतात. किती पिल्लं जगतील ते ठरतं दाणा किती आहे यावर. निम्मे पारवे मारले तर उरलेल्यांना दुप्पट दाणा मिळतो, रिकाम्या पाइपांवर बाजूच्या इमारतीतली तरुण जोडपी येतात, आणि काही महिन्यांत पुन्हा तेवढेच. पेस्ट कंट्रोलवाल्याला वर्षभराचं कंत्राट का हवं असतं, कळलं का?

हे माझं मत नाही. स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात १९६१ ते १९८५ या काळात सुमारे एक लाख पारवे मारले. शहरातली संख्या साधारण २० हजारांवरच राहिली. मग १९८८ पासून तिथल्या विद्यापीठातल्या डॅनियल हाग-वाकरनागेल यांच्या पुढाकाराने उलटा प्रयोग झाला. पोस्टर, पत्रकं, वर्तमानपत्रं यांतून लोकांना पटवलं की दाणे घालून आपण पारव्यांचीच दाटी, रोग आणि हाल वाढवतो. जोडीला देखरेखीखालच्या ढाबळी बांधून त्यातली अंडी काढून घेतली. चारेक वर्षांत संख्या निम्म्यावर आली. २४ वर्षं मारून जमलं नाही ते दाणा कमी करून जमलं.

साखळीतल्या वरच्या प्राण्यांचंही बघा. फोंड्यावर घारी फिरतात, मार्केटच्या मासळीच्या बाजूला ब्राह्मणी घार येते. शिक्रा सरडे, उंदीर, लहान पक्षी पकडतो. अर्जेंटिनात १९९५-९६ मध्ये टोळांसाठी मोनोक्रोटोफॉस फवारलं तेव्हा ते टोळ खाऊन स्वेन्सन्स हॉक जातीचे शिकारी पक्षी हजारोंनी मेले. आपल्याकडे शेतकडेच्या इमारतींवर मोरही येतात. मोर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. तुमच्या ताटलीतला तांदूळ मोराने खाल्ला तर प्रकरण पन्नास रुपयांवर थांबत नाही, वनखातं दारात येतं.


पशुवैद्य_डिचोली

कुळागरदादांसाठी आणखी थोडं. हा आजार होतो वाळलेल्या विष्ठेतल्या आणि पिसांवरच्या भुकटीतल्या प्रथिनांमुळे. पारवे गेले तरी ती धूळ घरात महिनोन्‌महिने राहते. डक्टमध्ये मरून कुजलेला पक्षी तर पिसांसकट तिथेच सुकतो. वहिनींसाठी गरज आहे ती साफसफाईची, आणि तीही त्या घरात नसताना. कोरडा झाडू अजिबात नको. आधी पाणी फवारून थर भिजवायचा, एन-९५ मास्क लावून खरवडायचा, पिशवीत बंद करायचा. मग जाळी. हा क्रम उलटा केला तर आतली घाण आतच राहते.


दाणेवाली_आजी

मी म्हापशाची. मी दाणे घालते. इथे सगळे मला शिव्याच घालताहेत असं दिसतं, तरी लिहिते. नातीकडून टंकून घेते आहे.

हे गेल्यापासून सकाळचा तेवढा वेळ माझा आहे. पुण्याबिण्याचं मला कळत नाही. पंखांची फडफड झाली की घरात कोणी आल्यासारखं वाटतं. विष घालणाऱ्याला देव बघून घेईल. पण दाणे बंद करा असं मला सांगणारे सकाळी माझ्याकडे चहाला येतात का?


पाखरूवेडा

आजी, शिव्या कोणीच घालत नाही. पण ज्या इमारतीत पारवे शंभरावर जातात तिथेच कोणीतरी विषाची बाटली काढतो, हेही खरं आहे. तुमचे दाणे आणि त्याची बाटली यांचा संबंध आहे. मूठभर आणि ओंजळभर यात फरक पडतो. गच्चीवर ढीग ओतण्यापेक्षा खाली अंगणात, तुम्ही समोर उभ्या असताना संपतील एवढेच घाला. नंतर झाडून घ्या. बुलबुल, मैना पाण्यालाही येतात, उन्हाळ्यात तर रांग लावतात. मातीची पसरट पाटी ठेवून बघा.


दाणेवाली_आजी

पाटी ठेवीन. मुठीचं बघू.


विलायतेतला_गोंयकार

इंग्लंडमधल्या स्विंडनहून लिहितो. लंडनच्या ट्रफाल्गर चौकात पूर्वी दाणे विकणारा माणूस होता, पर्यटकांच्या डोक्या-खांद्यावर पारवे. चारेक हजार असत. महापौर केन लिव्हिंगस्टन यांनी २००१ मध्ये ती विक्री बंद करवली, २००३ मध्ये दाणे घालायला बंदी आली. तिथेही प्राणिमित्र चिडले, कारण एका दिवसात दाणा बंद केला तर पक्षी उपाशी मरतील. मग हळूहळू कमी करायचं ठरलं. सवय लावायला वर्षं लागलेली असतात, तोडायला काही महिने द्या.


रेती_सिमेंट

इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो, तेवढंच सांगतो.

डक्टला वरून आणि तळाला जाळी. पारव्यासाठी ५० मिमी छिद्रांची जाळी चालते. ताणून बसवा. सैल जाळीत पक्षी अडकून लटकतो आणि मग सोसायटीला पुन्हा सकाळी सकाळी तेच दृश्य. आपल्या खाऱ्या हवेत साधे लोखंडी हुक दोन पावसाळे काढत नाहीत, स्टेनलेस स्टीलचे घ्या. जाळी ऊन सोसणाऱ्या नायलॉनची. प्लंबरला आत जायला चेनची खिडकी ठेवा, नाहीतर तो पहिल्याच दिवशी कात्रीने भोक पाडेल. हे मी दरवेळी सांगतो आणि दरवेळी कोणी ऐकत नाही.

जाळी मारण्याआधी आत पिल्लं आहेत का बघा. असतील तर उडेपर्यंत थांबा. अंड्यांना हात लावायचा विचार असेल तर आधी वनखात्याला विचारा.

कठड्यांवर सिमेंटचा तिरका उतार, ४५ अंशांहून जास्त. पारवा सपाट जागेवर बसतो, उतारावर घरटं टिकत नाही. काटेपट्ट्या ठीक, पण पारव्याने ठरवलं तर त्या काट्यांवरच काड्या रचतो. चिकट जेल नको, त्यात लहान पक्षी अडकतात. अल्ट्रासॉनिक यंत्रावर एक पैसा घालवू नका. पक्ष्यांना तो आवाज ऐकूच येत नाही. प्लास्टिकचं घुबड आठवडाभर चालतं, मग पारवे त्याच्याच डोक्यावर बसतात.


व्यवहारी_माणूस

जाळीचा खर्च कोण देणार ते कोणी सांगितलं नाही. तांदूळ स्वस्त पडतो, म्हणूनच लोक तांदळावर जातात.


अबोली_फोंडा

@व्यवहारी_माणूस, रास्त आहे, सभेत हाच प्रश्न येणार. आमच्या कंत्राटात महिन्याला पैसे आहेत, वर्षानुवर्षं. जाळीचा खर्च एकदाच, नंतर डागडुजी. दोन्ही कोटेशन शेजारी शेजारी ठेवणार आहे.

@कुळागरातला, तुमचा प्रतिसाद वाचून मी आमच्या तिसऱ्या मजल्यावर गेले. तिथले काका ठरावाच्या बाजूने आहेत हे माहीत होतं, का ते माहीत नव्हतं. फुफ्फुसाचा जुना त्रास, खिडकी डक्टकडे. त्यांना पारवे मरायला नको आहेत, त्यांना खिडकी उघडायची आहे. पहिली साफसफाई आणि पहिली जाळी त्यांच्या खिडकीची, तीही सोसायटीच्या पैशाने, असं मी लेखी मांडणार आहे.

पत्राचा मसुदा:

"अध्यक्ष/सचिव यांस. गच्चीवर विषारी धान्य ठेवल्याचं आढळलं असून त्यामुळे पक्षी व एक पाळीव मांजर दगावलं आहे. गच्चीवर वाळवण घातलं जातं आणि गच्चीचं पाणी विहिरीत उतरतं, त्यामुळे रहिवाशांच्या जिवाला धोका आहे. वापरलेल्या औषधाचं नाव, मूळ लेबल, कंत्राटदाराचा परवाना व त्याला काम देण्याचा निर्णय कोणत्या बैठकीत झाला याची माहिती सात दिवसांत द्यावी. तोवर असा प्रयोग बंद ठेवावा. पाणी विहिरीत सोडणारा पाइप गच्ची धुऊन होईपर्यंत तोडून ठेवावा. विषासाठीचा खर्च जाळी, साफसफाई व कठड्यांच्या उतारासाठी वळवावा."

काही सुटलंय का?


वकील_म्हापसा

चांगलं उतरलंय. 'विषारी धान्य ठेवल्याचं' च्या आधी 'अज्ञात व्यक्तीने' घाला. सेक्रेटरींचं नाव कुठेही नको, नाहीतर मूळ विषय राहील बाजूला आणि बदनामीच्या नोटिशीला उत्तरं देत बसाल. पोच घ्या, शिक्क्यासह. प्रत पालिकेला आणि पाटोवरच्या पशुसंवर्धन खात्याला.


पेडणेकर

एक आठवण करून देतो. गोव्यात रस्त्यावरच्या कुत्र्यांबद्दलही 'मारा आणि मोकळे व्हा' हेच म्हणणं होतं. मिशन रेबीज ही संस्था आणि सरकार यांनी मिळून लसीकरण सुरू केलं. २०१७ नंतर २०२१ पर्यंत माणसांत रेबीजचा रुग्ण सापडला नाही आणि त्याच वर्षी राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं. कुत्रे अजून आहेतच, चावतातही, आमच्या गल्लीतला तर मला रोज ओळख विचारतो. पण रोगाला धरलं, कुत्र्याला नाही. सभेत हे सांगा. गोव्यातलं उदाहरण ऐकतात लोक, बाझेल म्हटलं की जांभया देतात.


सुशेगाद_बाब

बाझेलपेक्षा बांदोडा बरा. +१.


अबोली_फोंडा, रविवार रात्री

सभा झाली. तीन तास. निम्मा वेळ पार्किंगवर गेला.

वकीलसाहेबांचा सल्ला मानून सुरुवात विहिरीपासून केली. "मागच्या जूनमध्ये टँकर मिळत नव्हता तेव्हा आपण सगळे याच विहिरीचं पाणी वापरत होतो," एवढंच म्हटलं आणि खाली बसले. पुढचं बायकांनीच केलं. ज्यांची सोलां गच्चीवर होती त्यांनी सेक्रेटरींना जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं होतं, आला नाही. परवान्याची प्रत मागितल्यापासून फोन बंद. (सुशेगादबाब, नमस्कार.)

विषाचा ठराव पडला. डक्टला जाळी मंजूर, पावसाआधी. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांची खिडकी पहिली. उताराचं काम दिवाळीनंतर, कारण पैसे नाहीत. आजींनी बोक्यासाठी तक्रार दिली आहे. ठाण्यावरच्या हवालदारांनी आधी "मांजर?" म्हणून पाहिलं, ३२५ चा कागद दाखवल्यावर लिहून घेतली. नमुने पाठवलेत, अहवाल यायचाय.

दाण्यांचा मुद्दा मात्र लटकला. मार्केटमधले भुसारी दुकानदार संध्याकाळी सांडलेलं धान्य झाडून रस्त्याच्या कडेला लोटतात, खरी खानावळ तीच आहे. ती आमच्या सोसायटीच्या हद्दीत नाही. पालिकेला वेगळं पत्र द्यायचं ठरलं, आणि ते लिहायचं काम कोणाचं यावर भांडण होऊन सभा संपली.

सेक्रेटरी जिन्यात म्हणाले, "पारवे परत येतील तेव्हा तुम्हीच साफ करा." त्यांना म्हटलं, मास्क लावून या, दोघं करू. हसले नाहीत.


व्यवहारी_माणूस

अभिनंदन. पालिकेचं पत्र लिहून झालं की मसुदा इथे टाका. धान्य पोत्यात भरून परत न्यायला दुकानदाराला काय फायदा, ते त्यात असलं पाहिजे. नुसत्या 'कृपया'ला कोणी विचारत नाही. गुरांच्या चाऱ्यासाठी गोशाळा घेते का, बघा.


कुळागरातला

आमच्या मडगावच्या इमारतीतल्या डक्टचं तळाचं तोंड सहा बाय चार फूट आहे, मधून सांडपाण्याचा पाइप जातो. @रेती_सिमेंट, पाइपाभोवती जाळी कशी बांधायची? आणि मडगावात हे काम करणारं कोणी असेल तर नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवा. पाऊस सुरू व्हायच्या आत हवंय.


रेती_सिमेंट

निरोप पाठवलाय. पाइपाला आधी स्टीलची पट्टी आवळा, जाळी त्या पट्टीला बांधा, पाइपाला नको. आणि चेनची खिडकी विसरू नका.